सैल विजारींची दोरी

मास्तर बोलायला लागले की मशीन थांबायचं आणि मशीन थांबलं की गिऱ्हाईक वैतागायचं, म्हणून त्यांनी चाळीस वर्षं तोंड मिटूनच कपडे शिवले. बाजारातल्या त्यांच्या टीचभर दुकानात माप देता देता माणसं मनातलंही ओकून जायची. ते सगळं मास्तरांच्या पोटात राहायचं.

यंदा पोटात जरा जास्तच साठलं होतं. दवाखान्यात शिबिर भरवून पुरुषांची सुंता फुकट करून देत होते. "एचआयव्हीचा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही, कंडोम सोडायचा नाही," असं नर्सबाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगायच्या. बाजार मात्र खो खो हसायचा. आपल्यात असलं कुणी करतं का? करणाऱ्याची बाहेर काहीतरी भानगड असणार! सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो लोहार.

आणि हेच हसणारे, दुपारी बाजार पेंगत असताना, एकेकटे येऊन मास्तरांच्या कानाशी लागायचे. "मास्तर, एक विजार शिवा. मांडीत चांगली सैल. शनिवारनंतर टाके सांभाळायचेत. कुणाला बोलू नका हं!"

अशा अकरा विजारी टेबलाखालच्या पेटीत तयार होत्या. अकराही जणांना वाटत होतं, आपण एकटेच.

मास्तरांचा थोरला मुलगा ट्रक चालवायचा, महिनोन्‌महिने घराबाहेर. सध्या दोन महिने घरी होता आणि शनिवार शिबिराचा शेवटचा दिवस होता. "नको बाबा," तो म्हणाला, "लोहारकाका जन्मभर चिडवतील मला."

मास्तरांचा धाकटा भाऊही ट्रकवरच होता. एचआयव्हीच्याच आजारात तो गेला. शेवटच्या वर्षी त्याचा एकच शर्ट मास्तरांनी तीनदा उसवून बारीक केला होता. चौथ्यांदा करावा लागला नाही. मुलाचा शर्ट असा हातात घ्यायची वेळ आली तर आपल्याला सुईत दोरासुद्धा ओवता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसतं एक नाव सांगितलं असतं तर मुलगा तयार झाला असता. पण शब्द दिलेला! या सगळ्या हसऱ्या मंडळींचा त्यांना असा काही संताप आला, की शुक्रवारी सकाळी त्यांनी पेटी ओढली, नावांच्या चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या आणि अकराच्या अकरा विजारी दारातल्या दोरीवर टांगल्या.

लोहार आपली न्यायला आला आणि दारातच थबकला. मागोमाग बाजारातला एक हमालही आपली न्यायला आला. आत बाकावर थोरला चहा पीत होता.

"मास्तर, या सगळ्या... सैलच?"

"सैलच."

लोहारानं दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग थोरल्याकडे पाहिलं. गुपचूप निघून जाता आलं असतं त्याला.

"ती सगळ्यांत रुंद माझी," तो म्हणाला. "काढा खाली."

"आयला, आणि मी आपला आठवडाभर लाजून मरतोय!" हमाल म्हणाला. दोघंही पोट धरून हसले, पण आज कुणाच्या नावानं नाही.

थोरला हसला नाही. कप ठेवून तो बापासमोर उभा राहिला. "बाबा, उद्यापर्यंत अजून एक होईल?"

मुलाचं माप मास्तरांना पाठ होतं. तरी त्यांनी गळ्यातला टेप काढून लावला, आणि डोळे भरल्यामुळे आकडा दिसेना, म्हणून पुन्हा एकदा लावला.