लूर्डसची चिंबोरी आणि मार्थाची सुकेळी

सव्वीस वर्षं लूर्डसने अंधेरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर सोल्डरिंग केलं, आणि सव्वीस वर्षांत त्यातली एकही पाटी चालू झालेली पाहिली नाही. पाटी डावीकडून यायची, भिंगाखाली धरून तिला चौदा टाके घालायचे, की ती उजवीकडे सरकायची. पुढे ती कशात बसते, काय करते, हे विचारायची सोय नव्हती. एकदा तिने विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "तुला काय, रॉकेट सोडायचंय?" सगळी लाइन हसली. लूर्डसही हसली, पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. ज्यांच्या हातांवर कारखाना उभा, त्यांनाच तो काय बनवतो ते सांगायचं नाही, ही रीत ज्याने कुणी घातली त्याचं स्वतःचं बोट कधी भाजलेलं नसणार.

शेवटच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ हातात देऊन तिला निरोप दिला गेला आणि ती निर्मळ गावाच्या पुढच्या वाडीतल्या आपल्या घरी कायमची आली. घरात नवरा सेबेस्टियन, माणूस चांगला पण बोलायला महाग, आणि त्याची आई मार्था, वय वर्षं ब्याऐंशी. चार महिने लूर्डसने अंगण झाडलं, कोंबड्या मोजल्या. मग फोनवर एक व्हिडिओ दिसला. कुणीतरी काडेपेटीहून लहान कॉम्प्युटरला तारा जोडून कुंडीतली माती ओली की कोरडी ते ओळखायला लावत होता. पाटी बघताच लूर्डस खुर्चीत सरळ बसली. असल्याच पाट्यांना तिने टाके घातले होते. म्हणजे त्या हे करत होत्या तर.

पुढच्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडला जाऊन ती तसली पाटी, सेन्सर आणि चिमूटभर दिवे घेऊन आली. दुकानातल्या पोराने मुलासाठी का म्हणून विचारलं. स्वतःसाठी, असं तिने इतक्या जोरात सांगितलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पहिला दिवा पेटवायला तिला अकरा दिवस लागले. प्रोग्रॅम म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नाही. अडलं की व्हिडिओ मागे न्यायचा, पुन्हा बघायचा, पुन्हा चुकायचं. पण तिचे टाके असे गोल, चकचकीत, की ज्याने ते व्हिडिओ बनवले त्यानेही ते बघून शरमेने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं असतं.

आइस्क्रीमच्या डब्याला भोकं पाडून तिने पाटी आत बसवली. भोकांतून खेकड्याच्या पायांसारख्या चहूकडे तारा बाहेर आल्या. मार्थाने डबा एकदाच बघितला आणि म्हणाली, "ही चिंबोरी घरात कोनी आनली?" तेव्हापासून त्या डब्याचं नाव चिंबोरी.

मार्थाचं नाव पंचक्रोशीत होतं ते सुकेळ्यांसाठी. राजेळी केळी पिकवून, सोलून मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पाल्यात बांधून टोपलीत ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठ दिवस हेच. मग मधाच्या रंगाची, लवचीक सुकेळी वाळक्या पानांत गुंडाळून, केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधून नाताळला घराघरांत जायची. आता आजूबाजूला केळीच्या वाड्याच राहिल्या नाहीत. जिथे राजेळी उभी होती तिथे सात मजले उभे आहेत आणि त्यांना नाव मात्र 'ग्रीन' काहीतरी. आळीत सुकेळी करणारी एकटी मार्था उरली होती.

आणि तिची बोटं बधिर होत चालली होती. साखरेचा आजार. एकदा चुलीवरून पातेलं उतरवताना दोन बोटं भाजली, ते तिला कातडी वर आल्यावर कळलं. सुकेळं झालं की नाही हे ती आयुष्यभर चिमटीत धरून ओळखत आली होती. त्या हिवाळ्यातल्या पहिल्या दोन खेपा करपल्यासारख्या वाळल्या.  मार्थाने सेबेस्टियनला सांगून ठेवलं, की आता एकच खेप, ही बिघडली तर मांडव सोडून टाक.

लूर्डसला त्या बोलण्याचा अर्थ कळला. आळीत तिने बघितलं होतं, म्हातारं माणूस कामातून उठलं की खाटेवर जातं आणि खाटेवरून सरळ सिमेट्रीत. तिने ठरवलं, सासूच्या बोटांचं काम चिंबोरी करेल. हवेतला दमटपणा मोजणारा सेन्सर तिच्याकडे होताच. संध्याकाळी टोपली बांधली की डबा हळूच आत सरकवायचा, पहाटे मार्था उठायच्या आत काढून घ्यायचा. मार्थाला सांगितलं असतं तर तिने डबा विहिरीत टाकला असता, म्हणून सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेच्या पहिल्या संध्याकाळी तासाभराने लूर्डसने फोनवर आकडा बघितला. दमटपणा अठ्ठ्याऐंशी. कारखान्यात सव्वीस वर्षं एकच गोष्ट डोक्यात ठोकली होती: ओलावा म्हणजे शत्रू. प्रत्येक खोक्यात ओल शोषणारी पुडी, प्रत्येक खोलीत काटा, काटा साठच्या वर गेला की लाइन बंद. तिने दुसरा विचारच केला नाही. जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढला, डब्याला जोडून टोपलीच्या फटीशी ठेवला आणि चिंबोरीला शिकवलं, साठच्या वर गेलं की पंखा लाव. सकाळी आकडा पंचावन्न. लूर्डस इतकी खूश झाली की सेबेस्टियनला न मागता दुसरा चहा मिळाला.

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी दुपारी मार्थाने मांडवावरचं एक सुकेळं उचललं आणि चावलं. वरून चामडं, आतून कच्चं, चिकट. तिने ते तोंडातून काढून पदरात ठेवलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली. दोन्ही हात समोर धरून बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत.

"मेले गो हे," ती म्हणाली. "सेबेस्टियनला बोलव. मांडव सोडायला सांग."

लूर्डस दारात उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पंखा काढून ठेवायचा, डबा कपाटात. लूर्डसचा ताठा आळीला माहीत होता. अंधेरीत सव्वीस वर्षांत एकदाही तिच्या टाक्यात खोट निघाली नव्हती आणि ते ती लग्नात, बारशात, मयतीत सांगायची. ती अंगणात आली आणि सासूसमोर मातीत बसली.

"आय, तुझे हात नाहीत. मी बिघडवली. टोपलीत पंखा लावला होता."

मार्थाने आधी पंखा म्हणजे काय ते विचारलं. मग कशाला ते विचारलं. आतलं पाणी काढायला, असं लूर्डसने सांगितल्यावर म्हातारी जी सुरू झाली ती तीन पिढ्यांपर्यंत गेली. लूर्डसचं माहेर, माहेरची केळी, तो कारखाना, आणि अशी सून पसंत करणारा सेबेस्टियनचा मेलेला बाप, सगळे त्यात आले. लूर्डसने मान वर केली नाही. शिव्या संपल्या तेव्हा मार्थाचा श्वास मोकळा झाला होता. तिने पदरातलं सुकेळं पुन्हा उचलून बघितलं.

"म्हन्जे माझं काय चुकलं नाय?"

"नाही."

"मग नीट ऐक. दिवसा ऊन वरचं पानी घेतं. आतलं आतच राहतं, ते लाजरं. रात्री पाल्यात बांधलं की त्याला घाम येतो, तेव्हा ते बाहेर येतं. सकाळी तो घाम उन्हाला द्यायचा. तू त्याला घामच येऊ दिला नाय, तर आतलं बाहेर येनार कसं?"

 सव्वीस वर्षांत इतक्या सरळ शब्दांत लूर्डसला कुणी काही समजावलं नव्हतं.

ती खेप कोंबड्यांनीही सोडली. सेबेस्टियनने मात्र दोन दिवस निमूट चावली आणि कशी आहे विचारल्यावर दात मजबूत होतात म्हणाला. त्या घरात त्याचं एवढं लांब वाक्य वर्षातून एखादं.

नाताळला सतरा दिवस होते. सेबेस्टियनने वाडीतले पिकायला आलेले शेवटचे घड उतरवले. या वेळी चिंबोरी पंख्याविना आणि उघडपणे टोपलीत गेली. रोज सकाळी मार्था टोपली सोडायची, तोंड आत घालून वास घ्यायची आणि एक शब्द बोलायची. कच्चं. घामेजलं. वळायला लागलं. एखादं उचलून खालच्या ओठाला लावायची, कारण ओठ अजून जिवंत होता. लूर्डस त्या शब्दापुढे त्या वेळचा आकडा लिहायची. चौथ्या दिवशी मार्थाने आपणच विचारलं, की तुझी ती काय म्हणते. लूर्डस म्हणाली, ती काही म्हणत नाही, ती तुझंच शिकतेय. म्हातारीला ते पटलं. मशीनने तिला शिकवावं हे तिने मरेपर्यंत मानलं नसतं. तिने मशीनला शिकवणं ही वेगळी गोष्ट.

आठव्या सकाळी मार्थाने वास घेतला, सुकेळं ओठाला लावलं आणि डोळे मिटले. लूर्डसने फोनकडे मुद्दाम बघितलं नाही.

"झालं," मार्था म्हणाली.

लूर्डसने तो शब्द लिहिला, पुढे आकडा लिहिला. मार्थाने सुकेळ्याचे दोन तुकडे केले आणि एक सुनेच्या तोंडात घातला. मऊ, उन्हाचा वास असलेला. मग पालथ्या हाताने डोळे पुसत ती घराकडे वळून सेबेस्टियनला ओरडली, की पुढल्या वर्षाला मांडव दीड पट बांध आणि तळ्याकडच्या राजेळीला हात लावू नको, ती सुकेळ्यांना ठेव.

"आनि तू," ती लूर्डसला म्हणाली, "टोपल्या दोन होतील. एका चिंबोरीने भागायचं नाय."