आमच्या घरचे दात

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या पिहूनं ब्रश करता करता मोरीत लाल थुंकलं आणि मी किंचाळले. तिथून जे किस्से सुरू झाले, ते आता इतके साचलेत की पोळ्या लाटता लाटता मी एकटीच हसत बसते. शेजारच्या कांताकाकू म्हणाल्या, "लिहून ठेव वो, नाहीतं लोक म्हणतीन हिले येड लागलं!" म्हणून लिहिते.

तर, किंचाळले. माझा स्वभावच तसा. लेकराला शिंक आली तरी मला दवाखाना दिसतो! आमच्या जानेफळात सकाळच्या पारी बाई ओरडली म्हणजे साप निघाला, हे ठरलेलं. कांताकाकू काठी घेऊन पळत आल्या. आधी मोरीत दोन दणके हाणले, मग विचारलं, "कुठी हाय?"

पिहूनं तोंड उघडून दाखवलं.

* * *

मेहकरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, "घाबरू नका, हिरडी सुजली आहे. चॉकलेट खाऊन तशीच झोपते ना? सकाळी आणि झोपताना, मऊ ब्रशनं, हलक्या हातानं." मग सहज विचारलं, "घरात कोणाला शुगर?"

आहे की! आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. शुगर उतरत नव्हती म्हणून त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अडकलं होतं. नजर तर अशी, की मळ्यातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, म्हणून गाजरगवताची जुडी तोडून आणली. वरणावर पडता पडता राहिली! त्यात दिवसभर तंबाखूची मिसरी घासायची, हिरड्यांतून रक्त यायचं.

डॉक्टर म्हणाले, "हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर शुगर ताब्यात यायला जड जातं. शुगर वाढली की हिरड्या अजून बिघडतात. मिसरी सोडवा आणि त्यांना घेऊन या."

घरी येऊन सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "डोयानं दिसत नाही मले, अन् तो दात पाह्यते! उद्या गुडघ्यासाठी कान पाहीन!"

* * *

पिहूला नवा मऊ ब्रश आणला. चार दिवसांनी ती म्हणते, "मम्मी, नवीन पेस्ट लय भारी! आंबट आंबट!"

पेस्ट तर जुनीच होती. ब्रश हुंगला, तर चिंचेचा वास!

आमच्याकडे जुना ब्रश फेकत नाहीत, देव घासायला ठेवतात. आत्याबाईंना नवा-जुना दिसलाच नाही. पितळेची अन्नपूर्णा चिंच लावून पिहूच्या ब्रशनं घासली आणि ब्रश परत जागेवर ठेवला.

"आत्याबाई, हा लेकराचा ब्रश होता!"

"मंग? देवीले काही रोग हाय का?"

* * *

मिसरीची डबी मी लपवली. दोन दिवस आत्याबाईंनी डबीचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सुटली सवय! खरंच, किती साधी होते मी.

शुक्रवारी कांताकाकू हळदीकुंकवाला आल्या. देवघराच्या कोपऱ्यात अंधार, काकूंचं तोंड चालू, मी करंड्यात बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला लावलं. काकूंनी आरशात पाहिलं. ठसठशीत काळा टिळा!

"काऊन वो, मले दृष्ट लागून राह्यली का?"

आत्याबाईंनी करंड्यात मिसरीचा नवा साठा भरून ठेवला होता! मी लाजेनं अर्धी झाले. काकूंनी मात्र टिळा बोटानं पुसला, हुंगला आणि हळूच म्हणाल्या, "माल तं ताजा हाय!"

* * *

आत्याबाईंना खरं वळवलं ते मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी. त्यांचे सगळे दात गेलेले, कवळी आहे. पण कवळी लावून बुंदी गोड लागत नाही म्हणतात! भाच्याच्या लग्नात त्यांनी ती काढून कागदात गुंडाळून पत्रावळीजवळ ठेवली. वाढप्यांनी पंगत उचलली. कवळी गेली!

मामंजी मांडवभर फिरून राह्यले, तोंड दाबून. शेवटी माईकवर आहेर पुकारणारा माणूस त्याच सुरात ओरडला, "जानेफळकर मामांकडून... एक कवळी! सापडल्यास नवरीच्या खोलीत आणून द्या!"

नवरीनं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

कवळी सापडली, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात. ती धुता धुता मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "माह्यावाले सापडले. तुह्यावाले पडले तं तू कोणाले पुकारशीन?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी करंडा स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकामा केला.

* * *

डॉक्टरांकडे मशीननं दात साफ करायचं ठरलं. मशीन पाहून आत्याबाई म्हणाल्या, "जात्याले टाकी लावतेत, तसं का?" पण बसल्या. त्याच्यानंतर गोळ्या, पथ्य आणि दोन वेळचा ब्रश, काही चुकवलं नाही. रक्त थांबलं. हळूहळू शुगरही उतरली.

आणि आमची झोप उडाली! सकाळी ओट्यावर बसून आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायच्या. "ये रे, आ कर!" दिसत काही नव्हतं, पण दात घासले की नाही ते वासावरून सांगायच्या. दूधवाल्यानं रस्ता बदलला.

* * *

शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी मला एकच घोर. नाहीच दिसलं तर? मामंजी भिंतीला टेकून उभे, पिहू माझ्या पदरात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पट्टी काढली आणि अगदी जवळ वाकून हसत विचारलं, "हं आजी, काय दिसतं?"

आत्याबाई नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी डॉक्टरांची हनुवटी धरली.

"आ करा बरं."

डॉक्टरांनी आ केला!

"खालची दाढ. मांगची. काळी पडली बावा. झोपताना घासत नाही तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "अन् घरी गेल्यावर बायकोलेही सांगजा!"