सात पायऱ्या

आमच्या आर्किटेक्ट मॅडमचं ऑफिस म्हणजे भोसरीतल्या दोन खोल्या. आठवीतून शाळा सोडून लातूरकडून आलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी पुठ्ठा कापायला शिकवलं, पुढं नकाशा वाचायलाही. हे उपकार मी विसरत नाही. आणि ते कधी काढून घेतले जातील ही धास्तीही जात नाही.

देऊळ असो की विहार, मॅडमची एक रीत होती. मोजायचा टेप नंतर, आधी जाऊन बसायचं. दिघीच्या विहाराचं काम आलं तेव्हा त्यांनी मलाच पाठवलं, कारण मी तिथल्याच एका आजींच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पत्र्याची शेड होती, जमीन रस्त्याच्याच पातळीला. तीन रविवार मी वंदनेला बसलो आणि कोण कुठं बसतं ते वहीत लिहिलं. आजी दोन्ही गुडघ्यांनी अधू. उंबरा नव्हता म्हणून काठी टेकत थेट मूर्तीपुढं जायच्या, खुर्चीवर बसायच्या. आठवड्यातून तेवढंच त्यांचं बाहेर पडणं.

आम्ही पुठ्ठ्याची दोन मॉडेल केली. एकात रस्त्यापासून फूटभर उंची आणि बाजूनं उतार. दुसऱ्यात साडेतीन फूट जोतं, सात पायऱ्या. एवढ्या उंचीला बेचाळीस फूट उतार लागतो, आणि जागेची रुंदी अठ्ठावीस. वळवून पाहिला, तर हॉलच खातो. मॅडम म्हणाल्या, आपण फक्त दाखवायचं, ठरवतील ते.

बैठकीत समितीचे अध्यक्ष, कंपनीतून रिटायर झालेले फिटर, सात पायऱ्यांचं मॉडेल हातात फिरवत म्हणाले, "राव, रस्ता दरवर्षी डांबर खाऊन वर येतोय. फूटभरच ठेवलं तर पाच वर्षांत पावसाचं पाणी मूर्तीपाशी." सगळे हसले. मला आजींचं सांगायचं होतं. शेवटी म्हणालो, की ज्यांना चढता येत नाही त्यांचं काय?

सगळ्यांनी कडेला खुर्चीवर बसलेल्या आजींकडं पाहिलं. त्या रागावल्याच.

"तू माझ्या गुडघ्याचं बघतोस व्हय? गुडघं माझं हायत, विहार सगळ्यांचा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या आयला गावच्या देवळाच्या पायरीला शिवू दिलं न्हाई. आता आपल्या पायऱ्या आपण बांधायच्या. सात म्हंजी सात. लिही."

मी मॅडमकडं पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मी लिहिलं.

त्या रात्री आजींनी नेहमीसारखी भाकरी पाठवली. नकाशावर पायऱ्यांच्या सात रेघा मीच ओढल्या. मॅडमनी एकदा विचारलं, दुसरं काही सुचतंय का? चार दिवस कागद खराब केले. नाही सुचलं.

विहार देखणा झालाय. पोरांनी आजींना खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी दाखवली, पण त्यांना ते नको वाटतं. आपल्या पायांनी गेलं तर जावं, म्हणतात. म्हणून रविवारी त्या खाली रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात, हात जोडून. वंदना स्पीकरवरून ऐकू येते. मूर्ती तिथून दिसत नाही, आजींना विचारल्यावर मात्र दिसते असं सांगतात.

मी त्यांची खुर्ची लावून देतो. मग वरून कुणीतरी हाक मारतं, वंदना सुरू होतेय, ये. मी पहिल्या पायरीपाशी उभाच राहतो.