धड्यातला रोग

"उभी राहा. सगळ्यांना दिसू दे."

विज्ञानाच्या मॅडमनी मला वर्गात उभं केलं. नववीत होते मी. आनुवंशिकतेचा धडा चालू होता. फळ्यावर रक्ताच्या दोन पेशी काढलेल्या. एक गोल, एक विळ्यासारखी वाकडी. मॅडमनी वाकडीवर खडू आपटला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या रक्तात अशा पेशी आहेत. सिकलसेल. यांच्या लोकांत फार असतो."

यांच्या लोकांत. सगळ्या माना वळल्या. त्या शाळेत माझी जात कुणी तोंडावर विचारली नव्हती. आता विचारायची गरजच उरली नाही. शेजारची मुलगी बाकावर जराशी सरकली. हा रोग शिवल्यानं होत नाही, हे मॅडमनी सांगितलंच नाही.

आम्ही भातकुलीकडचे. बाबा सेंट्रिंगच्या कामावर, आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला. अमरावतीच्या या नावाजलेल्या शाळेत मार्कांवर माझा नंबर लागला होता. शाळेचा नियम असा, की औषध मुलांजवळ ठेवायचं नाही, वर्गशिक्षिकेकडे द्यायचं. वर्गशिक्षिका याच मॅडम. आईनं गोळ्या त्यांच्या हातात दिल्या, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. दुखायला लागलं की लगेच गोळी, वर भरपूर पाणी. उशीर नको.

थंडी पडली. चाचणीच्या दिवशी बसमधून उतरतानाच गुडघे धरले. पहिल्या तासाला दुखणं मांड्यांत चढलं. हाडाच्या आत कुणी पाना आवळत बसावं, तसं असतं ते.

"मॅडम, माझी गोळी."

"आज चाचणी आहे म्हणून का? पेपर लिही, मग बघू."

"मॅडम, लय दुखून राह्यलं."

"राह्यलं काय? नीट बोल. आणि नाटकं पुरेत."

वर्ग हसला. माझ्या बोलीवर की दुखण्यावर, कळलं नाही.

कपाट समोरच होतं. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. मी लिहीत बसले. अक्षरं पळायला लागली. मग बाकावरून खालीच घसरले. फरशी गार. त्या गारठ्यानं पाठही धरली.

धड्यात होता तेव्हा रोग खरा होता. माझ्या हाडांत उतरला तर नाटक.

आईला फोन गेला. ती वावरातून तशीच आली, पायाला माती घेऊन. मुख्याध्यापकांनी तिला उभंच ठेवलं.

"अहो बाई, ही शाळा आहे, दवाखाना नाही. पोर एवढी आजारी असेल तर गावातच शिकवा."

आईनं हात जोडले. "चूक झाली साहेब. पन माह्या पोरीले तेवढी गोळी देत जा. पाया पडते तुमच्या."

आणि ती खरंच वाकली. मी कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली. तिला धरायला हात उचलेना. हाडांपेक्षा ते जास्त दुखलं, असं मी म्हणणार नाही. हाडंच जास्त दुखत होती. पण हाडं पुढे दुखायची थांबली, ते थांबलं नाही.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. खाटेपाशी बसून आई म्हणाली, "नाव काढून घेऊ, बाई. इथं आपल्याले कोन इचारते?"

मी नाही म्हटलं. आईला पहिल्यांदाच.

परत गेले तेव्हा गोळ्या युनिफॉर्मच्या खिशात होत्या. काही दिवसांनी पुन्हा दुखलं. चालू तासाला मी उठले, गोळी तोंडात टाकली, बाटली तोंडाला लावली.

"कुणाला विचारून?"

"कोनालेच नाई. दुखून राह्यलं म्हनून खाल्ली."

मुद्दाम माझ्याच बोलीत बोलले. या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. मॅडमनी गोळ्या जप्त केल्या, मला व्हरांड्यात उभं केलं. आईला पुन्हा बोलावणं गेलं. ती पुन्हा वाकली.

आता दहावीत आहे. काही बदललेलं नाही. खिसे तपासतात. गोळी सापडली की घेतात. मी दुसरी आणते. आई अजून म्हणते, सोडून दे. शाळा मी सोडणार नाही. दुखायचंच असेल तर त्यांच्या वर्गात, त्यांच्या डोळ्यांसमोर दुखेल. कण्हीन तर मोठ्यानं कण्हीन. त्यांना शिकवणं थांबवावं लागलं तर थांबवू देत.

गोळी मी मागणार नाही. खाणार.