दसऱ्याला पुजलेला सेल्फ

आमच्या ट्रकला सेल्फ नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. चांगले दोन होते. एक गाडीत, मेलेला. दुसरा घरात पलंगाखाली, पोत्यात गुंडाळलेला, कोरा करकरीत. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला झटका देऊन जागं करतो, तो हा सेल्फ. नवा सेल्फ माझ्या नवऱ्याने पावसाळ्यातच यवतमाळहून आणला होता आणि "वेळ भेटला की टाकतो" म्हणून पलंगाखाली सरकवला होता. वेळ काही भेटला नाही. दसरा मात्र भेटला. त्या दिवशी नटबोल्टचे पाने, सब्बल, फवारणीचा पंप यांच्या रांगेत त्यालाही मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पूजा आटोपल्यावर मोठ्या सन्मानाने पुन्हा पलंगाखाली ढकललं.

तोवर गाडी चालायची ती उताराच्या भरवशावर. आमच्या गावात मारुतीच्या देवळापासून रस्ता खाली उतरत जातो. नवरा रोज संध्याकाळी ट्रक त्या उताराच्या माथ्यावर लावायचा. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू लागली की गिअर टाकायचा, आणि पायथ्याशी पोचेपर्यंत इंजिन खोकत खोकत चालू व्हायचं. गाडी आधीच वणीकडे कोळसा वाहून म्हातारी झालेली. आमच्याकडे आली तरी तिच्या सांध्यासांध्यातून अजून कोळसा गळायचा. मी सेल्फचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "सेल्फ म्हणजे आळशी लोकायची सोय." मग चाकाखाली दगड लावायला मलाच हाक मारायचा.

डिसेंबरात उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेजाऱ्यांनी मुलीचं लग्न काढलं. आदल्या संध्याकाळी आम्ही वर देवळापाशी ट्रकमध्ये कापूस भरत होतो आणि ते खाली रस्त्यावर मांडव घालत होते. अख्खं गाव दोन्ही कामांमध्ये होतं. कापूस भरणारे मांडवाकडे बघत होते, मांडव घालणारे ट्रकाकडे बघत होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते आलं सकाळी, नवरीच्या वडिलांच्या. उजाडलं नव्हतं तोच ते कानाला मफलर बांधून आमच्या दारात उभे. फार सभ्य माणूस. आधी थंडीची चौकशी केली, मग कापसाची, मग म्हणाले, "भाऊ, तुमचा गाडा वरत हाय. माह्या पोरीचा मांडव खालतं हाय."

"हाय ना," नवरा म्हणाला.

"तं मधात फक्त दगड हाय."

नवऱ्याने त्यांना धीर दिला की दगड चांगला मोठा आहे. या उत्तराने नवरीच्या बापाला किती बरं वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आधी मागून ट्रॅक्टर लावून ट्रक चढावर ओढायचा प्रयोग झाला. दोर तुटला, आणि ट्रॅक्टरवाल्याला एकदम आठवलं की त्याला लग्नाचं पाणी आणायचं आहे. मेकॅनिकला फोन केला. तो उमरखेडला सासुरवाडीत होता. पांघरुणातूनच म्हणाला, "तीन तं बोल्ट असतात. जुना काढा, नवा लावा. कोणीबी करते." आणि फोन ठेवून दिला. शेवटी पलंगाखालून आमची देवता बाहेर निघाली. पोत्यावर कुंकू अजून तसंच होतं.

आमच्या जिल्ह्याला थंडी मुळात शोभत नाही. वर्षातले बहुतेक दिवस आम्ही भाजून निघतो, आणि मग डिसेंबरात एखाद्या सकाळी ही अशी येते की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. नवऱ्याने ताडपत्री अंथरली आणि गाडीखाली शिरला. मी पाने द्यायला बाजूला उकिडवी बसले. मोबाईलचा उजेड धरायचं कामही माझंच. दरम्यान सासऱ्यांनी गावातल्या चार-सहा जाणकारांना गोळा करून शेकोटी पेटवली. कुठे? तर कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रकाच्या शेजारी, डिझेलच्या टाकीपासून हातभर अंतरावर.

"मामाजी, थोडी तिकडे घ्या ना," मी म्हणाले.

"तिकडे हवा लागते," ते म्हणाले.

मी एक पेटतं लाकूड उचललं आणि देवळाच्या भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवलं. मग दुसरं नेलं. उरलेली शेकोटी आणि जाणकार आपोआप मागोमाग आले. सूनबाईला बोलायची रीत नाही, यावर तिथे एकमत झालं, आणि मग सगळे सल्ले द्यायला मोकळे झाले. एक म्हणाला उजवीकडे फिरवा, एक म्हणाला डावीकडे. त्यांच्यापैकी कोणाकडेही सायकलपलीकडे वाहन नव्हतं.

"आधी बॅटरीची वायर काढा," मी खाली वाकून नवऱ्याला म्हटलं.

"मले सांगते का?" खालून आवाज आला, आणि त्याने सेल्फच्या जाड वायरीच्या नटाला पाना लावला.

पाना बाजूच्या लोखंडाला टेकला. फाट्कन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, नवऱ्याचं डोकं वर आदळलं आणि त्याने वणीच्या खाणीतला एक ठेवणीतला शब्द उच्चारला. मी वर बघितलं. वर कापूस होता, सगळ्या घराचा वर्षभराचा. मी उठले, बॅटरीची पेटी उघडली, वायर सोडवली आणि बाजूला वळवून ठेवली. शेकोटीपाशी कोणीतरी म्हणालं, "अशानंच जळतात गाड्या." माहितीबद्दल आम्ही आभारी होतो.

खालचे दोन बोल्ट डिझेल चोपडून, पान्यावर हातोडी मारून सुटले. तिसरा वरच्या बाजूला, सेल्फ आणि इंजिनाच्या मधल्या फटीत. नवऱ्याचा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. पुन्हा घातला, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा निघताना कातडं सोलूनच आला. खाली मांडवातून नवरीचे वडील दर थोड्या वेळाने वर बघत आणि दगड जागेवर आहे ना याची खात्री करून घेत.

"सरका," मी म्हटलं.

नवऱ्याचं जुनं स्वेटर साडीवर चढवलं, बांगड्या कोपराकडे सरकवून वर सुतळी गुंडाळली आणि ताडपत्रीवर पाठ टेकली. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रकखालून निघालेले माझे पाय पाहिले. "अवं माय!" म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी सून गाडीखाली! लोक काय म्हणतीन?" लोक शेकोटीपाशी बसून तेच म्हणत होते.

माझा हात गेला. अगदी सरळ गेला नाही, पण गेला. बोल्ट दिसत नव्हता, बोटांना लागला. बोटं इतकी गारठलेली की पाना पकडलाय की लोखंड, तेही कळेना. तोंडात कोळशाची भुकटी पडत होती. नवरा शेजारी आडवा, त्याने पान्याची मूठ माझ्या मुठीवरून धरली आणि म्हणाला, "दे जोर."

एवढ्या मोठ्या घरात आम्हा दोघांना एका जागी, कोणी मधे न येता, बोलायला जागा मिळाली ती ही. बोल्ट हलेना तेव्हा मी विचारलंच. "इतके दिवस काहून नाही टाकला तुमी हा?"

तो एकदम हळू म्हणाला, "टाकला असता आन् तरीबी नसती चालू झाली तं? मंग इंजिनच गेलं म्हणा लागलं असतं. पलंगाखाली होता तोवर वाटे, आहे आपल्यापाशी इलाज."

मला फार खोचक काहीतरी सुचलं होतं. ते मी गिळलं. आमच्या लग्नात ही घटना वारंवार घडत नाही.

"आता लग्नघर वाचवू," मी म्हटलं, "इंजिनाचं मंग पाहू."

बोल्ट कचकन सुटला. माझं कोपर चेसिसला लागून हात खांद्यापर्यंत झिणझिणला, पण सुटला. जुना सेल्फ खाली आला तो नवऱ्याच्या छातीवर. वजनाला चांगला दणदणीत. मग नवा तसाच छातीवर घेऊन त्याने दोन्ही हातांनी वर उचलला, दातओठ खात धरून ठेवला, आणि मी चाचपडत वरचा बोल्ट भोकात घातला. एकदा हातून सुटला, कोळशात हरवला, सापडला. मग बसला. खालचे दोन नवऱ्याने लावले, वायरी जोडल्या. बॅटरीची वायर मी जोडली. त्या बाबतीत आता घरात एकाच माणसाला अधिकार होता.

नवरा केबिनमध्ये चढला. जाणकार उठून उभे राहिले. खाली मांडवात वाजंत्रीवाल्यांनी सूर धरला होता, तो नवरीच्या वडिलांनी हात वर करून थांबवला. किल्ली फिरली. सेल्फने एकदा घरघर केली, पुन्हा केली, आणि अख्खा ट्रक थरथरून उठला. मागून काळ्या धुराचा लोट निघाला. वारा उताराच्या दिशेने होता. लोट सरळ खाली गेला आणि मांडवाच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर निवांत बसला. त्या सभ्य माणसाने वर बघून दोन्ही हात जोडले. ते देवाला होते की आम्हाला, मला आजही ठरवता येत नाही. ट्रक हळूहळू मागे सरकला, देवळाला वळसा घालून वरच्या वाटेने यवतमाळला, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघून गेला.

मी तीनदा साबण लावला. नखं काळी ती काळीच. तसल्या हातांनी लग्नाला गेले. पंगतीत जिलबी वाढताना ऐकलं, शेकोटीवाले आपल्या पाहुण्यांना सकाळची हकीकत सांगत होते. त्यांच्या सांगण्यात सेल्फ त्यांनी बदलला होता आणि मी उजेड धरला होता. मी त्यांच्या पानात आणखी एकेक जिलबी टाकली आणि पुढे सरकले. तोच मागून भाताचं पातेलं घेतलेल्या सासूबाईंचा आवाज आला, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा: "वरचा बोल्ट माह्या सुनेनं खोलला. तुमी तं शेकोटीबी दुसऱ्यानं हलवली तवा हलले." आणि त्यांनी प्रत्येकाच्या पानावर मोजकाच भात वाढला.

नवरा दिवस कलताना परत आला. लग्न चुकलं होतं. मी त्याच्यासाठी झाकून आणलेलं ताट पुढे ठेवलं. तो खाली मान घालून जेवायला बसला. मग म्हणाला, "जिनिंगवर लायनीत उभा होतो ना, तं बंद केली गाडी. मंग चालू केली. मंग पुन्हा बंद केली."

"कायले?"

"कायले म्हणजे? आयकाले." त्याने वरणात भाकरी कुस्करली. "मागचे लोक हॉर्न मारून राह्यले होते. मारू दे म्हटलं."