जळोचीहून आणलेला सकर

इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी प्रयागबाई आणि तिचा नवरा कुंडलिक तीस वर्षं मासे धरतात. कुंडलिक होडी वल्हवतो. जाळं टाकायचं, ओढायचं आणि फाटलं की शिवायचं काम प्रयागबाईचं. अलीकडं तिचा निम्मा दिवस शिवण्यातच जातो. जाळ्यात रोहू, कटला थोडे, सकरच फार. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. हौशी लोक काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला तो पाळतात. अंग चिलखतासारखं, परांना काटे. एकदा अडकला की बोटं तरी फाटतात, नाहीतर जाळं कापावं लागतं. आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

एक दिवस बहिणीच्या लेकीचा, अनिताचा, जळोचीहून फोन आला.

"मावशी, आमच्या टाकीतला मासा फूटभर झालाय. रविवारी येते आन् तुमच्या धरणात सोडते. मोकळा तरी फिरंल."

"कसला मासा?"

"काच चाटतो त्यो."

"हात लावू नगंस त्याला. मीच येते."

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती जळोचीत पोचली. दिवाणखान्यातल्या टाकीत सकर काचेला तोंड चिकटवून बसला होता. अनिता कौतुकानं म्हणाली, "दोन व्हते. एक मागल्या दिवाळीत तुज्याकडं आले तवाच धरणात सोडला. तू सैपाकात व्हतीस."

प्रयागबाईनं दोन्ही हातांची चिरलेली बोटं अनितापुढं धरली. "ह्ये बघ. त्याच्या गोतावळ्यानं केलंय."

अनिताचे डोळे भरले. "मला कुणी सांगितलंच न्हाय गं."

दोघी मासा बादलीत घालून, जिथनं तो घेतला होता त्या दुकानात परत द्यायला गेल्या. दुकानदारानं मान हलवली. "मोठे परत घेत न्हाय आमी."

"केवढा व्हतो, ह्ये गिऱ्हाइकाला सांगता का?" प्रयागबाईनं विचारलं.

"विचारलं तर सांगतो," म्हणत तो बोटाएवढे सकर पिशवीत भरत राहिला. ती तावातावानं बोलली. दुकानातल्या दोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा रंगीत मासे बघायला लागले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता ह्याला मारते."

"चार वर्षं पाळलाय, मावशी," अनिता पुटपुटली.

रोज काठावर सकर आपटून मारणाऱ्या प्रयागबाईला त्या वेळी हात उचलवेना. बादलीवर ओलं फडकं टाकून ती एसटीत चढली. घरी कुंडलिकनं बादलीत डोकावून कपाळाला हात लावला. "धरणातलं कमी पडलं व्हय तुला?"

"गप बसा," ती खेकसली आणि मासा घरामागच्या सिमेंटच्या हौदात सोडला.

आता हौदातलं पाणी तीच बदलते, काकडीची फोड टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला शिव्या घालते. आठवड्यानं अनितानं फोनवर विचारलं, "कसा हाय गं?"

"जित्ता हाय मेला," म्हणून प्रयागबाईनं फोन ठेवला.