दलालाची पोरगी

दीपमालाला स्थिर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल आहे. मलकापुरातली माणसं त्यावर बसून कापसाच्या भावापासून पोरांच्या सोयरिकीपर्यंत सगळं उरकतात. ही मात्र उभीच. कागद मशीनमध्ये गेला की दारापर्यंत जाणार, तो बाहेर येईपर्यंत परत फिरणार. "काका, झालं का?" मशीन काय माझं ऐकतं?

तिचे वडील जानराव म्हणजे रुईचे, सरकी काढलेल्या कापसाचे, जुने दलाल, जिनिंगवाला आणि व्यापारी यांच्या मधला माणूस. त्यांनी हातावर टाळी दिली की सौदा झाला. मग भाव पडो की चढो, कोणी मागे फिरत नसे. पोरगी विम्याची एजंट झाली तेव्हा ते खूश नव्हते, कारण एजंट एकाच कंपनीचा. "एका दुकानाचा माल इकते तो नोकर. धा दुकानं दाखोते तो दलाल," असं ते चारचौघांत म्हणायचे.

खरं तर तिलाही तेच खुपत होतं. दुकानं, गोदामं, घरं यांचे विमे ती करायची. एखाद्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीची पॉलिसी जास्त सोयीची आहे हे स्वच्छ दिसायचं, तरी गोडवे आपल्याच कंपनीचे गावे लागायचे. शेवटी तिनं ब्रोकर व्हायचं ठरवलं. जानरावांनी त्याच आठवड्यात बोर्ड रंगवून आणला: 'दीपमाला, विमा ब्रोकर'. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

तिनं नियम वाचायला घेतले आणि बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवावा लागला. विम्यात एकट्या माणसाला ब्रोकर होता येत नाही. त्यासाठी कंपनी किंवा तशी संस्था काढावी लागते, तिला ठरावीक भांडवल लागतं, शिकून परीक्षा पास झालेला मुख्य अधिकारी लागतो, आणि सरकारी नियामकाकडे नोंदणी झाल्याशिवाय तो शब्द पाटीवर लिहायचीही सोय नाही. एकट्या माणसाला एकच वाट होती. नोंदणी असलेल्या एखाद्या ब्रोकरचा विक्री प्रतिनिधी व्हायचं; मग निदान छोट्या पॉलिसी तरी चार कंपन्यांच्या दाखवता येतात. पण आधी जुनी एजन्सी सोडायची, सोडल्याचा दाखला घ्यायचा, मग प्रशिक्षण, मग परीक्षा. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. दीपमालानं नागपूरचा एक ब्रोकर गाठला, एजन्सी सोडली आणि दाखल्याची वाट बघत बसली. बसली म्हणायचं आपलं.

त्या मधल्या दिवसांत तिला कोणाचाही विमा करता येत नव्हता. मार्चच्या एका दुपारी ती मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला आली, नेहमीसारखी दारात गेली आणि समोर बघत थांबली. माझ्या दुकानासमोर गफ्फारभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. आत कापूस पिंजायचं मशीन, मागे छतापर्यंत कापूस. त्यांच्याकडे आग लागली तर माझं दुकानही राहणार नाही, म्हणून मी त्यांच्यावर जरा जास्तच प्रेमानं लक्ष ठेवतो.

"चाचा," तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली, "तुमची पॉलिसी संपली ना? नवी कोनाकडून केली?"

गफ्फारभाई हसले. "तुह्या अब्बाले सांगतलं ना मी. त्याइनं हातावर टाळी देली. म्हने, झालं समज."

दीपमाला आत आली आणि माझ्या काउंटरवरूनच तिनं वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू होता, मी कानात बोळे घालणारा नाही.

"बाबा, गफ्फारचाचाले काय सांगतलं तुमी?"

"झालं समज म्हनलो. तुह्यंच गिऱ्हाईक हाये. परवाना आला का करून टाक."

"आन् तोवर? आज त्याइच्या दुकानाचा विमाच नाई. विम्यात शब्दावर काई होत नाई बाबा. पैसे भरल्याबिगर कंपनी जिम्मेदारीच घेत नाई."

"जानरावाचा शब्द हाये तो. आजवर कोनी बुडालं का?"

"तुमच्या शब्दानं आग इझत नाई!"

फोन बंद झाला. तिचा चेहरा मला बघवेना. गफ्फारभाईंना सांगावं तर वडिलांचा शब्द भर बाजारात खोटा पडतो, आणि जानरावांकडे शब्दाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. न सांगावं तर समोर मशीन घरघरत होतं, आणि दारात एक हमाल निवांत बिडी ओढत होता. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"बस ना जरा," मी वैतागून म्हणालो.

"बसू कशी काका?"

मग तिनं प्रज्वलला फोन लावला. हा तिच्या जुन्या कंपनीचा एजंट. दोघांचं कधी पटलं नाही. तो लगेच म्हणाला, "माह्या नावावर करू. आर्धं कमिशन तुले."

"एक पैसा नको. मले आज ते घेताच येत नाई. गिऱ्हाईक तुहं. फक्त आत्ताच्या आत्ता ये."

मला असा राग आला! एवढं पक्कं गिऱ्हाईक वैऱ्याच्या ओंजळीत घातलं पोरीनं. मी तसं म्हणालोही. तिनं ऐकलं नाही. ओढणी सावरून ती रस्ता ओलांडायला निघाली, आणि तेवढ्यात गफ्फारभाईंच्या दारात जानरावांची स्कूटर थांबली.

ते पोरीकडे न बघता आत गेले. मीही मागोमाग गेलो. दुकान उघडं टाकून गेलो. आत धामणगाव बढ्याचा एक व्यापारी लग्नाच्या गाद्या घ्यायला बसला होता. त्याच्यासमोर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात जातं.

"गफ्फार, मशीन बंद कर."

मशीन थांबलं. गफ्फारभाईंनी नेहमीसारखा टाळीसाठी हात पुढे केला. जानरावांनी आपले हात मागे बांधले.

"म्या तुले शब्द देला होता. तो वापस घेतो."

"काऊन हो जानरावभाऊ? मजाक करता का?"

"मजाक नाई. तुह्या दुकानाचा विमा झाला नाई. मले त्याच्यातलं समजत नाई, आन् तरी म्या हाव म्हनलं."

व्यापारी तोंडाकडे बघतच राहिला. दीपमाला दारात उभी होती. "बाबा, तुमी काऊन आले? मी सांगनारच होती."

"तू सांगतलं असतं त बापाचा शब्द पोरीनं मोडला असता," जानराव म्हणाले. "म्या देला, त वापस बी मलेच घ्या लागते."

प्रज्वल आला. गफ्फारभाईंनी त्याच्यासमोर मोबाइलवरून पैसे भरले, पॉलिसी आली, ती दीपमालानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मगच मशीन सुरू झालं. जानराव स्कूटर ढकलत निघून गेले.

दीपमाला माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. तिचे कागद केव्हाचे निघून पडले होते. मी ते दिले नाहीत, बसू दिलं तिला.